मुळशीच्या वाटेवर : जुनी जीप व नवें इंजिन

पुण्याहून पश्चिमेस निघून चांदणी चौकाची खिंड ओलांडली म्हणजे भूगांव, पिरंगुट, पौड अशीं गांवें एकामागून एक लागतात. पौड हें मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण. तेथपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांस वसाहती, मंगल कार्यालयें व कारखाने यांची दाटी झालेली आहे. पण पौड मागें पडलें कीं सह्याद्रि जवळ येऊं लागतो, आणि धरणाचा जलाशय दृष्टीस पडला म्हणजे आपण खऱ्या मावळांत आलों अशी खूण पटते. जलाशयाच्या कांठाकांठानें रस्ता पुढें ताम्हिणी घाटांत शिरतो व विळ्यापाशीं कोंकणांत उतरतो. श्रावणांत येथील धबधबे पाहण्यास जाणारांची केवढी रीघ लागते हें वाचकांस ठाऊकच आहे, व या प्रदेशाचीं वर्णनेंही त्यांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही लिहिणार आहों तें या वाटेवर हटकून भेटणाऱ्या एका निराळ्याच वस्तूविषयीं.

रविवारीं या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावें. नव्या, गुळगुळीत मोटारींच्या रांगेंत मधूनच एकादी जुनी जीप येतांना दिसते. वर ताडपत्रीचें छप्पर, पुढें आडवी पाडतां येईल अशी कांच, दोन वाटोळे दिवे आणि त्यांच्यामध्यें उभ्या पट्ट्यांची जाळी. रूप पन्नास-साठ वर्षांपूर्वींचें. परंतु जवळून जातांना जो आवाज कानीं पडतो तो मात्र कालपरवांचा असतो. जाणकार मनुष्य मान वळवून म्हणतो, “इंजिन बदललेलें आहे!” जुन्या सांगाड्यांत नवें, मोठें इंजिन बसविण्याची ही हौस पुण्यांत व आसपास चांगलीच रुजली आहे. आजोबांच्या वेळची जीप वाड्याच्या मागल्या अंगणांत वर्षानुवर्षें उभी असते. नातू शिकून हिंजवडीस नोकरीला लागतो (हिंजवडी हेंही मुळशी तालुक्यांतलेंच गांव, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें), गांठीस चार पैसे जमतात, आणि ती जीप पुन्हा चालती करून तींत दणकट इंजिन घालावें असें त्याच्या मनांत येतें. घरांतील वडील माणसांची मग पंचाईत होते. यंत्रांतलें कळत नाहीं म्हणून नको म्हणवत नाहीं, आणि जिवाची काळजी वाटते म्हणून बरें म्हणवत नाहीं. अशा घरांना कांहीं उपयोग व्हावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. कारण इंजिन बदलण्याचा प्रकार जीपच्या जन्माइतकाच जुना आहे. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें लहान, हलकी व चारही चाकांनीं ओढणारी गाडी मागविली, तेव्हां बँटम, विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या तीन कंपन्यांनीं आपापले नमुने पुढें केले. बँटम व फोर्ड यांचीं इंजिनें पंचेचाळीस अश्वशक्तींच्या आसपासचीं होतीं. विलीसचें मात्र साठांचें. तें इंजिनही कांहीं नवें नव्हतें. कंपनीच्या एका साध्या मोटारीचें २.२ लिटरचें इंजिन घेऊन बार्नी रूस नांवाच्या अभियंत्यानें त्याजवर मेहनत केली होती व त्याची शक्ति ४८ वरून ६० वर नेली होती. या इंजिनाच्या जोरावर विलीसनें बाजी मारली खरी. परंतु गाडी ठरलेल्या वजनांत बसेना. सैन्यानें घातलेली मर्यादा २,१६० पौंडांची. मग कारखान्यांत एकेक पत्रा व एकेक बोल्ट तपासून वजन उतरविण्यांत आलें. अंगावरील रंगाचा थरसुद्धां पातळ केला असें सांगतात. इंजिन मोठें घेतलें कीं बाकीच्या सर्व वस्तूंचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हा धडा जीपच्या पाळण्यांतच लिहिलेला आहे.

१९५३ सालीं विलीसनें ‘सीजे-३बी’ ही जीप काढली. तिच्या इंजिनाचें आकारमान पूर्वीचेंच होतें, पण झडपांची रचना बदलून तें अधिक जोरकस केलें होतें. त्या रचनेमुळें तें उंच झालें आणि जुन्या बॉनेटखालीं मावेना. तेव्हां कारखान्यानें बॉनेटच उंच केलें. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली ती उंच कपाळाची जीप ती हीच. मुंबईच्या महिंद्र बंधूंची कंपनी १९४५ सालीं निघाली. कैलासचंद्र महिंद्र यांची अमेरिकेंत याच बार्नी रूसशीं गांठ पडली होती. १९४९ सालीं माझगांव येथें पहिल्या ७५ जीपा सुट्या भागांतून जोडण्यांत आल्या, व पुढें सीजे-३बी हिचें तर भारत हें दुसरें माहेरच झालें. तिचें तें उंच कपाळ हें मोठ्या इंजिनासाठीं करावी लागलेली तडजोड आहे, हें तिच्याकडे कौतुकानें पाहणारांपैकीं फार थोड्यांना माहीत असतें.

पुढें पेट्रोल महागलें व डिझेलचे दिवस आले. १९७९ सालीं महिंद्र कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. हें इंजिन २,११२ घनसेंटिमीटरांचें व सुमारें ६२ अश्वशक्तींचें. खेडोपाडीं माणसें व माल वाहणाऱ्या कित्येक पेट्रोल जीपांचीं इंजिनें या सुमारास उतरलीं व त्यांच्या जागीं डिझेल इंजिनें चढलीं. त्या काळच्या अदलाबदलीचा हेतु शक्ति हा नव्हता. काटकसर हा होता. आजच्या हौशी तरुणाचा हेतु निराळा आहे. त्याला हवें असतें तें महिंद्रचें अडीच लिटरचें साधें डिझेल इंजिन, नाहीं तर २०१० सालच्या ‘थार’ गाडींत आलेलें, विजेच्या यंत्रणेनें इंधन सोडणारें १०५ अश्वशक्तींचें इंजिन.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. मोठें इंजिन घातल्यानें जीप चिखलांतून व दगडधोंड्यांतून अधिक चांगली जाते काय? उत्तर देण्यास शाळेंतलें अंकगणित पुरेसें आहे. इंजिन आपला दांडा ज्या जोरानें पिळतें त्याला ‘पीळ’ म्हणूं. सीजे-३बीच्या मूळ इंजिनाचा पीळ सुमारें १५५ न्यूटन-मीटर. हा पीळ चाकांपर्यंत जातांना तीन ठिकाणीं वाढतो : पहिल्या गिअरमध्यें सुमारें २.८ पट, चारही चाकें चालविणाऱ्या पेटीच्या हलक्या गिअरमध्यें २.४६ पट, आणि आंसाच्या दांतेरी चक्रांत ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सदतीसच्या घरांत जातो. १५५ ला ३७ नें गुणलें म्हणजे ५,७३५ न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर जमिनीवर पडणारा रेटा सुमारें सोळाशें किलोंचा होतो. घर्षणांत कांहीं भाग गळतो, तो सोडून दिला तरी ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, रिकामी जीप जेमतेम एक टनाची व चार माणसांसह तेरा-चौदाशें किलोंची असते. कोरड्या खडकावरही टायर आपल्या अंगावरील वजनाहून फारसा अधिक रेटा देऊं शकत नाहीं. ओल्या मातीवर तर निम्माही देत नाहीं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वींच्या त्या लहान इंजिनापाशींसुद्धां चाकें जागच्या जागीं फिरविण्याइतकी शक्ति मुळांतच आहे. नव्या इंजिनाचा पीळ २४७ न्यूटन-मीटरांचा आहे. हाच हिशेब केला तर रेटा अडीच टनांच्या वर जातो. पण जमीन तेवढाच रेटा घेणार, जेवढा ती पूर्वीं घेत होती. चिखलांत इंजिन हरत नाहीं, टायर हरतो.

गेल्या भाद्रपदांत आम्हांस याचें प्रत्यंतर पाहण्याचा योग आला. ताम्हिणीच्या अलीकडून एक रस्ता उजवीकडे फुटून निवे, पिंपरी, भांबर्डें असा घनगडाच्या पायथ्याकडून लोणावळ्यास जातो. एका बाजूस दाट रान व दुसऱ्या बाजूस कोंकणाचा कडा, असा हा मोठा रमणीय मुलूख आहे. स्नेह्यांच्या दोन जीपा होत्या. एक मूळ इंजिनाची, दुसरी मोठें इंजिन घातलेली. मुख्य रस्ता सोडून एका शेताकडे जाणारी तांबड्या मातीची चढण लागली. मूळ इंजिनाची जीप हलका गिअर टाकून, बैलगाडीच्या चालीनें, कुरकुर करीत वर गेली. दुसरीनें सुरुवातीसच जोर केला. चाकें गरगर फिरलीं, चिखलाचे सपकारे उडाले आणि चाकांखालीं खड्डा पडला. चालविणारे गृहस्थ समजूतदार होते. त्यांनीं पाय सैल केला, गाडी थोडी मागें घेतली, व पहिलीसारखीच सावकाश वर आणली. मग परतीच्या डांबरी चढावर मात्र पारडें फिरलें. मोठें इंजिन वरच्या गिअरमध्यें लीलया चढत होतें आणि जुनी जीप दुसऱ्या गिअरमध्यें धांपा टाकीत होती. तिच्या मागें मोटारींची रांग लागून भोंग्यांचा कल्लोळ चालला होता. तेव्हां मोठ्या इंजिनाचा उपयोग नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. उपयोग आहे, पण तो डांबरी चढावर व लांबच्या प्रवासांत. ज्या रानवाटांसाठीं तें घेतलें असें सांगतात, तेथें फारसा नाहीं.

तोटा मात्र रानवाटेवरच होतो. फिरणारें चाक एकाएकीं दगडाला लागून पकड घेतें, तेव्हां इंजिनाचा सगळा पीळ क्षणार्धांत पुढल्या अवयवांवर कोसळतो. क्लचची प्लेट, गिअरांचे दांते, लांब दांड्याचा क्रॉस, आंसांतला दांडा यांपैकीं जो दुबळा असेल तो तुटतो. हे अवयव १५५ च्या पिळासाठीं घडविलेले. त्यांस २४७ चा पीळ रोज कसा सोसावा? मिस्त्री लोकांत याविषयीं एकमत आहे कीं, इंजिन बदललेली गाडी प्रथम क्रॉसांत बोलते आणि मग आंसांत.

गॅरेजांत हें काम होतांना पाहणें मोठें बोधप्रद असतें. साखळीच्या कप्पीनें जुनें इंजिन वर उचलून बाहेर काढतात. त्यास फार तर अर्धा दिवस लागतो. नवें आंत बसविण्यास मात्र आठवडे जातात. चेसिसवरील फाउंडेशनें कापून दुसऱ्या जागीं जोडावीं लागतात. नव्या इंजिनाचें तोंड जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाशीं जुळत नाहीं. त्यासाठीं लेथवर पोलादाची जाड तबकडी कातून मध्यें घालावी लागते. तिचा मध्य केसभर जरी चुकला तरी बेअरिंग ओरडूं लागतें आणि कांहीं महिन्यांत निकामी होतें. सुकाणूचा दांडा आड येतो, पंखा रेडिएटरला घासूं पाहतो, जुना रेडिएटर नवी उष्णता शमवूं शकत नाहीं. वैशाखांतल्या दुपारीं भरलेली गाडी ताम्हिणी चढूं लागली म्हणजे ही शेवटची उणीव चांगलीच जाणवते. डिझेल इंजिन जड असल्यामुळें पुढले पाटे दबतात. इंधन विजेच्या यंत्रणेनें सोडणारें इंजिन असेल, तर त्याच्याबरोबर त्याची संगणकाची पेटी व तारांचें जाळें आणावें लागतें. पावसांत त्यांपैकीं एका तारेंत पाणी शिरलें तरी गाडी रानांत उभी राहते.

वेगाचीही एक गोम आहे. आंसाचें प्रमाण ५.३८ असल्यामुळें चाक एकदां फिरावयास इंजिनाला पांचाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. साध्या डिझेल इंजिनाची पूर्ण शक्ति मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या सुमारास येते; त्या फेऱ्यांत सरळ गिअरमध्यें जीपचा वेग होतो ताशीं सुमारें ८० किलोमीटर, आणि सुखानें चालण्याच्या दोन हजार फेऱ्यांत फक्त ५०. म्हणून मग आंसाचीं चक्रें बदलावीं लागतात, कित्येकदां सबंध आंसच. एक काम दुसऱ्याला बोलावतें, दुसरें तिसऱ्याला. इंजिनाच्या किंमतीपेक्षां त्याच्या लवाजम्याची किंमत अधिक भरते.

परंतु खरा धोका चढणीवर नाहीं, उतारावर आहे. सीजे-३बीचे ब्रेक नऊ इंची ड्रमांचे. त्यांना जोर देणारें दुसरें साधन नाहीं, पायाचें बळ हेंच बळ. शिवाय तेलाची नळी चारी चाकांना एकच. ती कोठेंही फुटली तर चारी ब्रेक एकदम जातात. वेग ५० चा ८० झाला म्हणजे ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जा दीडपटीनें नव्हे, अडीचपटीनें वाढते. कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणें चढते. ताम्हिणीचा घाट विळ्याकडे उतरतांना वळणामागून वळण येतें, जुलै-ऑगस्टांत रस्ता ओला व धुक्यानें भरलेला असतो, आणि वळणापलीकडे धबधब्याखालीं भिजणारीं माणसें भर रस्त्यांत उभीं असतात. तेथें गाडी किती जोरानें पळते यापेक्षां ती किती अंतरांत थांबते यावर घरच्यांचें सौभाग्य अवलंबून असतें.

कारखानदार मंडळी हें जाणून असतात. आकुर्डीची फोर्स मोटर्स कंपनी, म्हणजे पूर्वींची बजाज टेंपो, ‘गुरखा’ नांवाची रानवाटेची गाडी करते. तिचें इंजिन ८५ अश्वशक्तींचें होतें. २०१८ सालीं कंपनीनें तिच्या एका प्रकारांत १४० अश्वशक्तींचें इंजिन घातलें. तें लिटरांनीं लहान असून शक्तीनें मोठें होतें. पण त्याबरोबर गिअरबॉक्सही दुसरी दिली. ज्यांच्यापाशीं अभियंत्यांचा ताफा व चांचणीचीं मैदानें आहेत, तेही नुसतें इंजिन बदलीत नाहींत.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. केरळांतील एका प्रकरणांत ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ रचनेंत फरक पडेल असा बदल करण्यास मनाई आहे, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अनधिकृत बदलास, प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. इंजिन निकामी झालें म्हणून परवानगीनें त्याच बनावटीचें व त्याच जातीचें दुसरें बसविणें ही गोष्ट वेगळी. जुन्या गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण करतांना इंजिनावरील आंकडा पुस्तकाशीं ताडून पाहतात. तो जुळला नाहीं तर गाडी घरीं शोभेची वस्तु होऊन बसते. आणि अपघात झाला, तर विमा कंपनीस भरपाई नाकारण्याचें निमित्त आयतेंच सांपडतें. पादचारी जखमी झाला, तर तो भुर्दंड सबंध कुटुंबाच्या डोक्यावर येतो.

या सर्व गोष्टींचा विचार मुळशीच्या कांठीं बसून करावा असें आम्हांस वाटतें, त्यास कारण आहे. शंभर वर्षांपूर्वीं मुंबई शहरानें आपलें इंजिन बदलण्यास घेतलें होतें. गिरण्यांतील वाफेचीं इंजिनें जाऊन त्यांच्या जागीं विजेच्या मोटारी येऊं लागल्या, आणि ती वीज निर्माण करण्यासाठीं टाटांनीं खोपोली व भिवपुरीपाठोपाठ मुळा व निळा यांच्या खोऱ्याकडे दृष्टि वळविली. पन्नासाच्या आसपास गांवांना त्याची झळ पोंचली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव मिळालें तें याच लढ्यांत. आणि हे बापट कांहीं यंत्रविद्येचे शत्रु नव्हते, ते स्वतः अभियांत्रिकी शिकण्यासाठीं एडिंबरोस गेलेले होते. लढा हरला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. पूर्वेस पुण्याकडे वाहणारें पाणी बोगद्यानें पश्चिमेस वळून पांचशें मीटरांच्या आसपास खालीं कोंकणांत पडूं लागलें, व आज तेथील वीजघरांची शक्ति तीनशें मेगावॅट आहे. त्या विजेचें मोल कोणी नाकारीत नाहीं; आम्ही हा लेख लिहितों तोही विजेच्याच दिव्याखालीं. परंतु शहराला मोठें इंजिन लागलें आणि त्याचा पीळ मावळच्या आंसावर पडला, ही गोष्ट खरी. शक्ति कोठून येते हें सर्वांना दिसतें. ती कोण सोसतें हें विचारावें लागतें.

तेव्हां ज्या घरीं जुनी जीप आहे व तरुण मुलाचा हट्ट आहे, तेथें वडिलांनीं एकदम नकार देऊं नये. त्याला कामाचा क्रम सांगावा. प्रथम ब्रेक नवे करावे व तेलाची नळी दुहेरी करतां येते काय तें विचारावें, मग सुकाणू, पाटे, टायर, मग रेडिएटर, मग क्लच व आंस. मधल्या कुठल्याही कामाला परिवहन कार्यालयाची परवानगी लागेल कीं काय, हें तेथें जाऊन लेखी विचारून घ्यावें. मूळ इंजिन उघडून त्याचें बोअरिंग, पिस्टन, झडपा व्यवस्थित करून घ्याव्या. चांगल्या मिस्त्रीच्या हातचें जुनें इंजिन आणखी वीस वर्षें सुखानें चालतें. एवढें सगळें पार पडल्यावर जीप घेऊन मुलानें एक सबंध पावसाळा मुळशींत फिरावें. त्यानंतरही मोठें इंजिन हवें असें त्याला वाटलें, तर त्या पैशांत कारखान्यानेंच पुरतें बांधलेलें दुसरें वाहन मिळतें काय, तें पाहावें. आमचा अनुभव असा आहे कीं, ब्रेक व टायर नीट झाले आणि हलका गिअर वापरण्याची कला साधली, म्हणजे शंभरांतले नव्वदजण इंजिनाचें नांव पुन्हा काढीत नाहींत.